तांब्याच्या नळीभोवतीचे कुंपण

"गरमीचं मला नका सांगू, बाई. जलम गेलाय भट्टीम्होरं," असे म्हणून एक गृहस्थ दोन्ही तळवे आपल्यापुढे धरायचे. कोळशाचे फावडे चालवून त्यांची कातडी जोड्याच्या तळासारखी झाली होती. चुलीतला निखारा बोटांनी उचलून ते विडी पेटवत आणि मग आपल्याकडे बघत, पाहिलेत ना?

मुलांनो, तुमच्या काचेच्या पेटीतल्या माशांचा फोटो आला आणि मला हे गृहस्थ आठवले. लोणावळ्यात मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा ते शेजारी राहत. मूळचे कुरवंड्याचे. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. विजेची इंजिने आली आणि ते घरी बसले. सारी आळी त्यांना आबा म्हणे. कुणाचा बंब तापत नसला, की आबा न बोलावता सल्ला द्यायला हजर.

त्यांच्या पत्नीचे, मावशींचे, पाय गेले होते. खाटेवर पडून दिवसभर समोरची भिंत बघायची. बंगला विकून मुंबईला जाणाऱ्या एका शेठांनी आपली माशांची पेटी आबांना देऊन टाकली. चपटे, चंदेरी, काळ्या पट्ट्यांचे मासे. आबांनी ती भिंतीशी, मावशींना पडल्या पडल्या दिसेल अशी ठेवली. मावशींनी माशांना माहेरच्या भावंडांसारखे थोरला, मधला, धाकटा करून टाकले. "आज धाकटा रुसलाय, कोपऱ्यातनं हालंना," असे त्या मला खिडकीतून ओरडून सांगत.

हे मासे उष्ण देशातले, लोणावळ्याची थंडी त्यांना सोसणार नव्हती. म्हणून आबांनी पेटीच्या तळातून वर जाणारी तांब्याची नळी बसवली आणि खाली रॉकेलचा दिवा ठेवला. दिव्याची ऊब नळीतून चढे, पाणी कोमट राही. आळी बघायला लोटली. आबांनी प्रत्येकाला तळवे दाखवले.

थंडी वाढली तसे मासे नळीला बिलगून राहू लागले. एके सकाळी मावशी म्हणाल्या, "अवो, धाकट्याच्या अंगावर पांढरं काय पडलंय?"

"कुटं? तुला दिसंना झालंय आता."

"पाय गेल्यात माझं. डोळं न्हाई गेलं."

तरी आबांनी गुपचूप पाण्यात हळद टाकली. पाणी वरणासारखे झाले. "आता मातर खरंच दिसंना," मावशी म्हणाल्या.

पाणी निवळले तोवर थोरला मेला. तो म्हातारा झाला होता, असे आबांनी सांगितले. मावशी पुन्हा पुन्हा डागांचे बोलत, आबा पुन्हा पुन्हा त्यांच्या नजरेला दोष देत. त्याच सुमारास मावशींनी मला सुई ओवून मागितली. "ह्ये म्हनत्यात, माझी नजर गेली. आसंल बाई." एरवी त्या दिवा लावायच्या वेळीसुद्धा स्वतः सुई ओवत.

शेवटी आबांनीच मला बोलावले. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. हिला सांगा, माशांना कायबी झालं न्हाई म्हनून."

मी वाकून पाहिले. धाकट्याच्या कुशीवरचे खवले गेले होते, आत मांस पांढरे पडले होते.

"आबा, हा भाजलाय."

"कसा भाजंल? रोज हात लावून बघतोय मी नळीला. नुसती कोमट हाय."

मी पाण्यात हात घालून नळीला बोट लावले आणि तसेच मागे ओढले. चटका बसला होता.

आबांनी माझे बोट पाहिले. मग आपले तळवे पाहिले, आणि ते दोन्ही काखांत दडपून ते उभे राहिले. इतके दिवस त्या बाईला तिचे डोळे गेले असे सांगितले, आणि तिने ते खरे मानायला घेतले, हे आता खोलीत तिघांनाही कळत होते. परक्या माणसासमोर ते उघडे पडले. आबांची मान खाली गेली. मलाही वर बघवेना. मी शाळेची वेळ झाली असे काहीतरी पुटपुटून बाहेर पडले. त्या दिवशी रविवार होता.

संध्याकाळी आबा अंगणात बांबूच्या कामट्या तासत बसलेले दिसले. बोटभर अंतर ठेवून त्यांनी त्या सुतळीने बांधल्या आणि नळीभोवती कुंपण उभे केले. ऊब पाण्यात यावी, पण मासा नळीला टेकू नये. मी खिडकीतून पाहून म्हटले, "छान झालंय, आबा." ते सुतळीचे तुकडे गोळा करत राहिले. त्यानंतर ते आळीत कुणाला सल्ला द्यायला गेले नाहीत. लोकांच्या बंबांचे काही अडले नाही, पण मला त्यांच्यावाचून आळीतले ओटे सुने वाटत.

पुढे लग्न होऊन मी लोणावळे सोडले. कितीतरी वर्षांनी गेले तेव्हा ते दोघेही नव्हते, त्या खोलीत दुसरे बिऱ्हाड होते.

निघण्याआधी निरोप घ्यायला गेले होते, तेवढे सांगते. आबा माशांकडे न बघता पेटीखालच्या दिव्यापाशी उकिडवे बसले होते.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारले.

"धाकटा वर वर तोंड काडतोय," मावशी म्हणाल्या. "वाईच कमी करा."

आबांनी वात खाली केली, आणि मान वर न करता पुन्हा विचारले, "आता?"