तीन दिवस कुणी लुटायला आलं नाही

पारेहुइया, म्हणजे माझी पणजी, मी रंगमंचावर तीसेक वर्षं साकारली. तिचे भाऊ भाले घेऊन दारात येतात, त्या प्रवेशाला मी अशी किंकाळी फोडायची की प्रेक्षागृह दणाणून जाई. अगदी पहिल्या प्रयोगाला आजी समोरच बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "छान ओरडतेस गं. पण माझी आई ओरडली नव्हती. ती बटाटे सोलत होती."

म्हणून आज न ओरडता सांगते.

पारेहुइया आमच्या उपसागराच्या काठावरची, चटया विणणारी साधी बाई. देवमाशांच्या शिकारीला आलेल्या एका गलबतातून सायलस नावाचा गोरा खलाशी उतरला आणि तिच्यापाशीच राहिला. लाकडी पिंपं बनवणं हे त्याचं काम. त्यांची मुलगी तिआहो, तीच माझी आजी. दीड वर्षाची होती. बाप पिंपाची पट्टी ठोकण्यात गुंग, आणि पोर रांगत रांगत जमिनीतल्या भट्टीपाशी गेली. तापलेल्या दगडावर तिचा डावा हात पडला.

जखम भरली असती. पारेहुइयाला घोर होता तो वेगळाच. आमच्यात मूल सगळ्या कुळाचं असतं. आईबापांच्या हलगर्जीपणानं त्याला इजा झाली, की कुळ चालून येतं आणि घर धुऊन नेतं. मुलाचा मान जेवढा मोठा, तेवढी लूट मोठी. आणि कुणी आलंच नाही, तर त्या मुलाला कुणी आपलं मानलेलं नाही.

एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

"गोऱ्याची पोर," शेजारची आत्या म्हणाली. "तिच्यासाठी कोण भाला उचलतंय?"

"माझीही आहे ती, आत्या."

"मला काय सांगतेस? भावाला सांग."

पण लूट मागून घ्यायची नसते.

चौथ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी मोठी होडी दिसली. पारेहुइयानं टोपली ओढली आणि चाळीस माणसांना पुरतील एवढे बटाटे सोलायला घेतले. माणसं वाळूवर उतरली, पाय आपटत, आरोळ्या देत. सायलसनं बंदूक उचलली.

"पारे, पोरीला घेऊन झाडीत जा! लुटायला आलेत!"

"हो," ती म्हणाली. तिनं पुढचा बटाटा हातात घेतला. "आले एकदाचे. ठेव ती बंदूक. एक गोळी झाडलीस तर तू मरशील आणि माझी लेक जन्मभर परकी राहील. दादापुढे जाऊन उभा राहा. तो रक्त येईपर्यंत मारेल. हात उचलू नकोस."

"आणि मेलो तर?"

"तर त्याला जेवायला घालणार नाही."

सायलसला त्यातलं अर्धंच कळलं असावं. तरी तो बंदूक खांबाला टेकवून बाहेर गेला.

तिचा थोरला भाऊ तेराऊ पुढे आला. "काय जावईबापू! पिंपाला एवढ्या पट्ट्या ठोकता, पोरीकडे एक डोळा ठेवता येत नाही?" त्याची काठी खांद्यावर बसली, मग कपाळावर. रक्त आलं तशी त्यानं काठी खाली केली.

मग डुकरं गेली, घोंगड्या गेल्या, जाळी, बंदूक, लोखंडी पातेलं, सगळं गेलं. सायलस रक्त पुसत पाहत होता. एकाएकी तो आत गेला. जुन्या शिडाच्या कापडाखाली त्याची हत्यारांची पेटी होती. ती कुणालाच दिसली नव्हती. ती उचलून त्यानं तेराऊच्या पायाशी ठेवली.

"ही कशाला?"

"मी ठोकत होतो तेव्हा," सायलस मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला. "या हातोडीनं."

तेराऊ खाली बसला. तिआहोला जवळ ओढून त्यानं तिच्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवलं आणि मोठ्यानं रडू लागला. मग सगळेच रडले.

जेवायच्या वेळी पारेहुइया म्हणाली, "दादा, बटाटे शिजवायला पातेलं दे. तुझंच आहे आता."

"सांभाळून वापर," तेराऊ म्हणाला.

निघताना तो होडीपाशी थांबला. "हिचा हात बरा झाला की आमच्याकडे आण. बायका पांघरुणं विणायला शिकवतील."

"बोटं वाकडीच राहिली तर?"

"वाकडं विणेल. आम्ही पांघरू."

होडी लुटीच्या भारानं पाण्यात खोल बसून चालली होती. रिकाम्या झोपडीच्या दारात, लेकीला कडेवर घेऊन, पारेहुइया ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.