सर्व्हर तापला की फोन कोणाला

रिसोडबाहेर हळद आणि सोयाबीन घेणारा एक खासगी व्यापारी आहे. त्याच्या काट्यावरचे संगणक आणि ते ज्याला जोडलेले आहेत तो सर्व्हर, या सगळ्याची देखरेख माझ्याकडे असते. गाडीचं वजन झालं की पावती सर्व्हरमधून निघते. तो बंद पडला की काटा बंद, आणि रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग. मी मेडशीची. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीपासून इथवर आले ती कोणाच्या ओळखीने नाही, भाव करून आणि भांडून.

सर्व्हरच्या खोलीतला एसीही मी असाच भांडून घेतला होता. खोली तापली, डिस्क भरत आली किंवा वीज गेली की आपोआप सूचना जाईल, अशी सोय केली. सूचना थेट मालकाला फोनने जावी असं माझं म्हणणं होतं. तो म्हणाला, "फोन कायले? आपला ग्रुप आहे ना." दुकानाच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून गुलाबाची फुलं, सुविचार आणि वाढदिवसाचे केक पडत. त्यातच माझ्या सर्व्हरची सूचना पडणार होती.

हळदीचा हंगाम होता, ऊन डोक्यावर. मी मानोऱ्याला दुसऱ्या कामावर होते. ग्रुपवर सूचना आली: खोलीचं तापमान मर्यादेपलीकडे गेलं आहे. खाली एका हमालाने हात जोडलेलं चित्र टाकलं, मुनीमजींनी 'शुभ दुपार' लिहिलं आणि मालकाने अंगठा दाखवला. मी त्याला फोन केला, त्याने तो कापला. मिळेल त्या जीपने मी परत निघाले.

पोचले तोवर सर्व्हर बंद झाला होता. फार तापला की तो स्वतःला बंद करून घेतो, म्हणून तर आतली माहिती वाचते. खोलीत पाहिलं तर भिंतीवर एसीच्या जागी नुसती भोकं. एसी मालकाच्या केबिनमध्ये होता, भोवतालचं सिमेंट अजून ओलं होतं.

मी तोंड उघडण्याआधीच तो काट्यावर आला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईच्या हाती मशीन देल्ली का असंच होते."

लोक हसले. ट्रॅक्टरवरून एकाने भर घातली, "ताई, घरी जाय, पोया लाट."

मी खोलीची किल्ली त्याच्या पायाशी फेकली आणि निघून गेले. चार-पाच गावांत माझं काम चालतं ते माझ्या नावावर. ते नाव त्याने काट्यावर मातीत घातलं होतं. आता ते त्याच काट्यावर, त्याच्याच तोंडून परत हवं होतं.

दुसरा माणूस मिळेना, तेव्हा त्याचाच निरोप आला. मी गेले. पैसे वाढवून मागेन या तयारीने तो बसला होता. मी पैशाचं नावच काढलं नाही. एकच अट घातली: सूचना फोनने जाईल, माझ्या आवाजात. ऐकल्याची खूण म्हणून त्याने फोन उचलून एक आकडा दाबला नाही, तर दुसरा फोन त्याच्या वडिलांना.

"बाबाले कायले?"

"तुमी नाही उचलला तर कोणीतरी पाह्यजे."

"लाव. बाबा कुठी फोन उचलते?" असं म्हणून तो हसला.

बाबांचा मोबाइल दुरुस्तीला माझ्याकडेच येई. कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या मुलींनाही ते पीकपाणी विचारत बसत, हे मला ठाऊक होतं. एसीचा विषय मी मुद्दाम काढला नाही. तापमानाची मर्यादाही जराशीसुद्धा खाली आणली नाही. खोटा फोन गेला असता तर माझा सूड कच्चा राहिला असता.

मग तशीच एक तापलेली दुपार आली. सूचना मलाही आली, आणि मी गाडी काढून काट्यावर जाऊन उभी राहिले. मालक केबिनमध्ये गारव्यात आडवा झाला होता, त्याने फोन कापला. थोड्या वेळाने थोरले शेठ, म्हणजे बाबा, स्कूटरवर आले. धोतराचा सोगा सावरत सरळ खोलीत गेले, आणि बाहेर येऊन रांगेसमोरच त्यांनी मुलाला हाक मारली.

"एसी कुठी गेला रे?"

तो डोळे चोळत आला. मला पाहून थबकला. "बाबा, मशीनच खराब आहे. मागंबी तिनंच दगा देल्ला. ताईची काही चूक नाही."

काय सफाईने निसटत होता. मला सोडलं आणि मुक्या मशीनवर ढकललं. मी म्हटलं, "मशीन चांगली आहे. मागच्या वेळीही चांगलीच होती. बाबांनी काय इचारलं ते सांगा."

थोरले शेठ त्याच्याकडे पाहत राहिले.

"केबिनमदी नेला," तो म्हणाला.

"कोणं?"

"म्याच."

"मंग या पोरीले काहून बोलला होता तू?"

तो एसी उतरवायला हमालांना हाका मारू लागला. पोळ्या लाटायला सांगणारा आज रांगेत असता तर बरं झालं असतं, एवढीच हळहळ राहिली. एसी हमालांनी उतरवला आणि खाली मालकाला स्वतः हात लावावा लागला.

जाताना तो माझ्या गाडीपाशी आला. "झालं ना तुह्या मनासारखं? आता बाबाचा नंबर काढ."

मी म्हटलं, "पाहतो."

मी काही मागितलं की तोही मला हेच म्हणत आला होता, दर वेळी. नंबर मी काढला नाही. घरी आल्यावर दोन्ही नंबरांची अदलाबदल केली. आता पहिला फोन बाबांना जातो.