रेडिओने निवडलेली खुर्ची

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे रेडिओ म्हणतात. नाव मीच ठेवलं आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, कारण ती बोलायला लागली की समोरचा हातातलं काम विसरतो. मी स्वतः बूट विकतो. घट्ट होणारा बूट ‘वापराने सैल होईल हो’ म्हणून गळ्यात मारायची कला मला चांगली अवगत आहे. पण रेडिओपुढे मी केव्हाच हात टेकले. एकदा मला डबा द्यायला दुकानात आली आणि जाता जाता दोन गिऱ्हाइकं पटवून गेली. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं.

ती एका कंपनीत नोकरीला आहे. ही कंपनी शीतगृहांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या खोलीत कुठला माल, किती खोकी आली, किती गेली, हे सगळं टॅबलेटवर नोंदवायचं. रेडिओ दोन्हीकडची कामं करायची. काही दिवस क्लायंटकडे जाऊन त्यांचं ऐकायचं, त्यांच्या माणसांना शिकवायचं. बाकीचे दिवस ऑफिसात बसून प्रोग्राम लिहायचे. मग कंपनी वाढली आणि साहेबांनी फर्मान काढलं की आता ही सरमिसळ बंद. एक तर सल्लागार होऊन क्लायंट सांभाळा, नाहीतर कॉम्प्युटरसमोर बसा. सोमवारी उत्तर हवं.

सल्लागार झाली तर तिच्या हाताखाली माणसं, फिरायला गाडी. कॉम्प्युटरसमोर बसली तर एका घुम्याच्या हाताखाली काम, आणि तो घुम्या कंपनीत तिच्यानंतर आलेला. आमच्या घरात हा प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, ‘‘ही गप्प बसली तर आजारी पडेल.’’ माझ्या बायकोने तिला नवा कोट शिवायला लावला. मी तर दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आमची बहीण सल्लागार झाली’ असं सांगून मोकळासुद्धा झालो. तिलाही तेच हवं होतं. कोट घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘दादा, दिसते की नाही साहेबीण?’’

त्याच आठवड्यात ती शहराबाहेरच्या एका शीतगृहात नेहमीच्या फेरीला गेली. संध्याकाळी परत आली आणि जेवताना एक शब्द बोलली नाही. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता. ताटं उचलल्यावर मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे तिने सांगितलं.

तिथे माल मोजणाऱ्या एक बाई आहेत. बर्फासारख्या खोलीत जाड हातमोजे घालून दिवसभर खोकी मोजतात. रेडिओने पाहिलं, तर बाई दर खोक्यापाशी उजवा हातमोजा दातांनी ओढून काढत होत्या, स्क्रीनवर बोट टेकवत होत्या आणि हातमोजा पुन्हा चढवत होत्या. बोटांना भेगा पडलेल्या, दोन बोटांना चिकटपट्ट्या.

‘‘अहो ताई, हातमोजा कशाला काढता?’’ रेडिओने विचारलं.

‘‘हातमोज्याने दोन बटणं एकदम दाबली जातात ना. नोंद दुप्पट होते.’’

‘‘मग सांगितलं का नाहीत?’’

‘‘सांगितलं होतं की, तुम्हालाच! शिकवायला आला होतात तेव्हा. तुम्ही म्हणालात, हातमोजा काढावा लागतो तेच बरं, तेवढ्यात माणूस विचार करतो आणि चूक होत नाही. सगळे हसले. इतकं छान समजावलंत तुम्ही, मला वाटलं, मीच मेली घाई करते.’’

मी म्हटलं, ‘‘मग बिघडलं काय? बाईंची तक्रार नाही. उलट कौतुकच केलंय तुझं.’’

‘‘तेच तर ना, दादा. दोन बटणं फार जवळजवळ होती. ऑफिसात जाऊन मी ते अर्ध्या दिवसात दुरुस्त केलं असतं. पण मी बोलले आणि सगळ्यांचं समाधान झालं. माझंसुद्धा. मला बोलता येत नसतं ना, तर त्यांची बोटं वाचली असती.’’

मी वाद घातला. वाद घालणं माझ्या रक्तात आहे. म्हटलं, सल्लागार हो आणि यापुढे खरं सांग, कोण अडवतंय? ती म्हणाली, ‘‘समोर माणसं बसली की माझ्या तोंडून उत्तर आपोआप निघतं रे. मी मला ओळखते.’’

सोमवारी तिने आधी शीतगृहाच्या मालकांना फोन केला आणि चूक आमची आहे असं सरळ सांगितलं. मग ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

साहेब उखडले. ‘‘अगं, तक्रारच नव्हती त्यांची! आणि क्लायंटला असं गप्प करणारं माणूस आता मी कुठून आणू?’’

‘‘नका आणू, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘बोलू द्या त्यांना.’’

‘‘त्या घुम्याच्या हाताखाली बसावं लागेल.’’

‘‘बसते.’’

आणि बसली. मी दोन दिवस फुरंगटून होतो. निम्म्या बाजाराला सांगून बसलेलो, आता तोंड कुठे लपवू? पण नवी स्क्रीन तयार झाली, ती स्वतः शीतगृहात दाखवायला जाणार होती, आणि माझ्याने राहवेना. मीच तिला गाडीवरून घेऊन गेलो. तिथल्या माणसाने मलाही एक जाडजूड कोट दिला. त्यात मी गादीच्या गुंडाळीसारखा दिसत होतो.

बाईंनी टॅबलेट घेतला आणि हातमोज्यानेच बटण दाबलं. नोंद एकदाच झाली. बाई पुढच्या खोक्याकडे वळल्या, मग थांबल्या. ‘‘मॅडम, अक्षर अजून बारीक आहे हो. इथे चष्म्यावर धुकं धरतं.’’

रेडिओने तोंड उघडलं. मी तिचा भाऊ आहे, मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. झकास उत्तर तयार होतं, सगळे हसले असते, बाईंनाही पटलं असतं. तिने तोंड मिटलं. मग म्हणाली, ‘‘मोठं करते.’’

एवढंच. जन्मभर मी बोलून पोट भरलंय. जिभेवर आलेलं उत्तर गिळायला काय लागतं, ते मला विचारा. माझा ऊर भरून आला. शेजारी एक हमाल खोकं खांद्यावर घेऊन वाट मोकळी व्हायची वाट पाहत उभा होता, ओळख ना पाळख, त्याला मी कोपराने ढोसलं आणि म्हटलं, ‘‘माझी बहीण आहे ती.’’