गोकुळाबाईच्या गावात थेंब नाही

जिल्ह्यात दारूबंदी सरकारची होती. चामोर्शीकडच्या त्या तलावाच्या गावात ती गोकुळाबाईची होती. दारूसाठी झुडपांत पुरलेला मोहाचा सडवा ती वासावरून हुडकायची, मडक्यावर काठी घालायची आणि पदराला हात पुसून दुसऱ्या मडक्याकडे वळायची. लोकांना वाटे, नवरा पिऊन मारत असेल, म्हणून ही अशी. पण तिच्या नवऱ्याने, इस्तारीने, जन्मात दारू घेतली नव्हती. तो तलावात जाळं टाकायचा, निमूट जेवायचा, आणि तसाच निमूट तापाने मेला. गोकुळाबाईला मडकं फुटतानाचा आवाज आवडायचा, एवढंच.

सुकलूचं मडकं तिने त्याच्या खाटेखालून ओढून काढलं होतं. तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन सुकलूचा जबडा सडला होता. घोटभर मोहाची पोटात गेली की त्याला जरा डोळा लागायचा. त्याची बायको आशाबाई गोकुळाबाईच्या पाया पडली.

"बाई, तो मरूनच राह्यला. झोपू द्या न त्याले."

"मरू दे. पन शुद्धीत मरू दे."

सुकलू शुद्धीतच मेला. घाईने मेला नाही. त्याचं ओरडणं तलावाच्या पाण्यावरून या काठाला, गोकुळाबाईच्या अंगणापर्यंत यायचं. ती तांदूळ निवडत बसायची.

मग तिच्या स्वतःच्या पोटात दुखणं आलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. भाजायच्या मासळीत काडी खुपसावी तसं ते पोटातून पाठीत निघायचं. आडवं झालं की वाढायचं. गुडघे छातीशी घेऊन, पुढे वाकून ती रात्र काढायची. गोळ्या चालेनाशा झाल्या, तेव्हा पुतण्या निकेश तिला नागपूरला घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होता. त्याने समजावून सांगितलं. "पोटाच्या मागे, कण्याजवळ नसांचं एक जाळं असतं. तुमचं दुखणं त्या वाटेनं वर जातं. ती वाट आम्ही सुईनं मारतो. रोग जाणार नाही. दुखणं मात्र काही महिने कमी होईल."

"सुईत काय असते?" निकेशने विचारलं.

"अल्कोहोल."

"म्हन्जे दारूच न, डॉक्टर?"

डॉक्टर हसला. "दारूत असतं तेच. पण ही पाजायची नाही, नसेवर सोडायची. नस जळते."

गोकुळाबाई गुडघ्यांवर कपाळ टेकून बसली होती. तिने मान वर केली नाही. "सोडा," ती म्हणाली. "लवकर सोडा." आणि बाहेर आल्यावर निकेशचं मनगट धरून, "गावात बोलशीन तं जीभ उपटीन तुही."

तिला उपडं झोपवलं. मशीनच्या पडद्यावर पाहत पाहत सुया आत घातल्या. औषध गेलं तेव्हा आत विस्तव सांडला, आणि मग काहीच उरलं नाही. पोटात बसून हाडं चघळणारं कुत्रं कोणीतरी हाकलून दिलं होतं. नंतर उभं राहताना चक्कर आली, पोट सैल झालं. त्याचं तिला काही वाटलं नाही. गावी आल्यावर ती खाटेवर सरळ पाय पसरून झोपली. उठल्यावर भात मागितला, मासळीचा रस्सा मागितला. मग काठी मागितली.

आशाबाई आता पोटासाठी थोडीशी दारू गाळून विकत होती. गोकुळाबाई तिच्या दारात गेली तेव्हा मागे दारूबंदीच्या गटातल्या बाया होत्या. सगळ्यांत पुढे नीलिमा, तिच्याच हाताखाली तयार झालेली.

"या वो बाई, या," आशाबाई म्हणाली. "तुमी तं पाठीतून पेल्या म्हन्ते लोकं."

"काय बकते वो हे!" नीलिमा म्हणाली.

"निकेशले विचार न. पानठेल्यावर सांगून राह्यला तो. हिले नागपूरले सुईनं देल्ली. माह्या मानसाले घोटभर नाई देऊ देल्ली हिनं."

बाया गोकुळाबाईकडे पाहू लागल्या. औषध होतं, असं गोकुळाबाई म्हणाली असती तर ते खरंच होतं. पण मग सुकलूच्या खाटेखाली होतं तेही औषधच झालं असतं.

"खोटं हाय," ती म्हणाली, आणि मडक्यावर काठी घातली. मग नीलिमाकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आजपासून पहिली झडती माह्या घराची. रोज. थेंब सापडला तं माह्याच अंगनात सांडजो."

धान कापणीला आलं आणि पोटातलं कुत्रं परत आलं. नागपूरला सांगितलं, रोग पसरलाय, आता सुईचा उपयोग नाही. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या, आणि जवळपास कुठे मिळेनात. निकेश आणतो आणतो म्हणत राहिला. गोकुळाबाईने तोंडात पदर कोंबून दिवस काढले. शेवटी त्याच निकेशला तिने आशाबाईकडे पाठवलं.

आशाबाई दुपारी आली. पदराखाली बाटली होती.

"आनली?"

"आनली."

"काऊन?"

"त्याचं वरडनं अजून कानात हाय माह्या. आनखी एक नोको."

गोकुळाबाईने हात पुढे केला. तेवढ्यात नीलिमा झडतीला आली. ती रोज यायची, एक दिवस चुकली नव्हती. तिने दारातच वास घेतला आणि आशाबाईच्या हातातली बाटली हिसकावली.

"बाईच्या घरात आनतं व? बाईच्या?" तिचा चेहरा लाल झाला होता. मग खाटेकडे पाहून, शाबासकीची वाट पाहणाऱ्या पोरीसारखं, "बाई, सांडू?"

गोकुळाबाईचा हात अजून पुढे होता. त्या हाताकडे नीलिमाचं लक्ष नव्हतं. आशाबाईचं होतं.

"सांग न वो बाई तिले," आशाबाई म्हणाली. "सांग."

गोकुळाबाईने हात आत घेतला. पोटाशी दाबला.

"सांड."

सारवलेल्या अंगणात दारू ओतली गेली. जमिनीने ती लगेच पिऊन टाकली.

"पाह्यलं का, बाई," नीलिमा म्हणाली, "गावात थेंब नाई आता."

आशाबाईने रिकामी बाटली उचलली आणि ती काठाकाठाने निघाली. तिचं घर तलावापलीकडे होतं. तिथवर ऐकू येईल, हे तिला माहीत होतं.