मोजे उतार

पोस्टवर आम्ही नऊ जण होतो. उंची साडेसोळा हजार फूट. एक सुभेदार साहेब, त्यांच्या हाताखाली आम्ही आठ, आणि राहायला दोन हट. मी हवालदार, सेक्शन कमांडर. पहाटे साडेचारला चहा, मग स्टँड-टू, म्हणजे उजाडेपर्यंत हत्यार घेऊन मोर्चात उभं राहणं, दिवसभर संत्री ड्युटी म्हणजे पहारा आणि बर्फ उपसणं, आणि संध्याकाळी बरोबर सतराशे अवर्सला, म्हणजे पाचला, फुट इन्स्पेक्शन.

फुट इन्स्पेक्शन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. थंडीत पहिली मरतात ती पायाची बोटं. आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि जवानाला वाटतं बरं झालं. खरं तर तेव्हाच ती काळी पडायला लागलेली असतात. म्हणून सेक्शन कमांडरनं रोज प्रत्येकाचे बूट-मोजे काढायला लावायचे, पाय हातात घ्यायचे, एकेक बोट दाबून बघायचं आणि रेडिओवर कंपनीला कळवायचं. ऑर्डर दोन शब्दांची. मोजे उतार.

आणि मला पायांची किळस होती. लहानपणापासून होती. जव्हारजवळ जामसरला आमच्या घरी भातलावणीहून माणसं परत आली की ओटीवर चिखलाने फुगलेल्या, चिरा पडलेल्या पायांची रांग लागायची. मी तिथून उठून जायचो. पोस्टवर तर महिनामहिना अंघोळ नाही. मोजे निघाले की रॉकेलचा धूर, घाम आणि कुजलेली कातडी यांचा जो वास हटमध्ये भरायचा, तो आला की मी तोंड फिरवायचो. मी चार हात लांबून टॉर्च मारायचो आणि "ठीक है" म्हणून पुढे सरकायचो.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक पतरस टोप्पो होता. झारखंडचा, माझ्यासारखाच आदिवासी. त्याच्याकडेही भात, त्याच्याकडेही मोहाची झाडं. त्याची घरची बोली वेगळी, माझी वेगळी. दोघांची हिंदी पलटणीत शिकलेली. तो ख्रिस्ती होता. रविवारी स्टोव्हमागे बसून हळू आवाजात गाणं म्हणायचा, एवढंच. बाकी कुणाला त्रास नाही.

पण मला त्याचा त्रास व्हायचा. कुणाचे पाय सुजले की हा बर्फ वितळवून पाणी कोमट करायचा, त्यात मीठ टाकायचा आणि त्याचे पाय मांडीवर घेऊन धुवायचा. न सांगता. एकदा माझेही धरले होते. मी पाय ओढून घेतला आणि म्हणालो, "नौकर है क्या तू?" तो हसला. मला त्या हसण्याची तिडीक आली.

खरी गोष्ट अशी की मला त्याचा हेवा वाटायचा. त्याला काही कमी नव्हतं. मला कायम होतं. शिपाई होतो तेव्हा वाटायचं, दंडावर फीत लागली की जिवाला बरं वाटेल. लागली. आठवडाभर बरं वाटलं. मग वाटलं, गावाला स्लॅबचं घर झालं की होईल. झालं. पहिल्याच सुट्टीत त्या घरात बसवेना. देवाला नवस बोललो, फेडले, कोंबडी दिली. आत जे रिकामं होतं ते रिकामंच. एका दुपारी संत्री ड्युटीवर मी टोप्पोला विचारलं, "तेरे को ये सब करके क्या मिलता है?"

तो म्हणाला, "मिलने के लिए नहीं करता, उस्ताद. मिल चुका है."

मला वाटलं, येडा आहे.

फेब्रुवारीत चार दिवस वादळ लागलं. हटच्या बाहेर हात दिसत नव्हता. त्या चार दिवसांत मी एकदाही मोजे काढायला लावले नाहीत. स्लीपिंग बॅगमध्ये पडल्यापडल्या विचारायचो, "पैर ठीक?" सगळे म्हणायचे, "ठीक." मी रेडिओवर सांगायचो, "फुट इन्स्पेक्शन ऑल ओके, ओव्हर." चौथ्या संध्याकाळी टोप्पो जवळ आला.

"उस्ताद, दाहिना पैर एक बार देख लो."

"दर्द है?"

"दर्द नहीं है. इसीलिए."

याचा अर्थ मला कळत होता. दुखायचं थांबलं, याचा अर्थ सेक्शन कमांडरला कळतोच. मी म्हणालो, "सुबह देखूँगा," आणि बॅगची चेन वर ओढली.

सकाळी विसरलो, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खोटं. आठवलं होतं. पण हवामान उघडलं होतं, लिंक पेट्रोलची ऑर्डर आली होती, सगळ्यांचे बूट चढले होते. आता पुन्हा काढायला लावा, तो वास घ्या, हे नको वाटलं.

पहाटे शून्य पाच शून्य शून्यला आम्ही सहा जण निघालो. खालच्या पोस्टवरून औषधं आणि टपाल येणार होतं, ते अर्ध्या वाटेवर घ्यायचं. मध्ये एक नाला. तो आठच्या आत ओलांडायचा, कारण ऊन लागलं की वरचा बर्फ सुटतो. टोप्पो सगळ्यात शेवटी होता आणि मागे पडत होता. दर शंभर पावलांवर थांबावं लागत होतं. नाल्यापाशी पोचायला नऊ वीस झाले. ऊन उतारावर आलं होतं. मी परत फिरायला हवं होतं. फिरलो नाही.

एकेक करून ओलांडलं. पाच जण पार. टोप्पो मध्यावर आला आणि थांबला. उजवा पाय उचलत नव्हता. मी पलीकडून ओरडलो, "टोप्पो! पैर में मेहंदी लगी है क्या?"

त्यानं ऐकलेलं शेवटचं वाक्य हे. माझं.

वर फट्कन आवाज झाला. दहा सेकंद लागली असतील. मग नाल्यात टोप्पो नव्हता.

मी रेडिओ उचलला. "लिमा फॉर लिमा वन. अव्हलांच. एक जवान दबा है, ओव्हर."

"कौन?"

"टोप्पो."

फावड्यांनी आणि हातांनी खणलं. दहा पाचला तो सापडला. तोंडात बर्फ गच्च भरला होता, श्वास नव्हता. तीनच्या सुमारास त्याला खाली कंपनी बेसवर नेलं. तिथल्या डॉक्टर कॅप्टन साहेबांनी बूट कापून काढला, मोजा काढला. उजव्या पायाची तीन बोटं काळी.

"ये आज का नहीं है. फुट इन्स्पेक्शन किसने किया?"

"मैंने, साहब."

"दिखा नहीं?"

टोप्पो तिथंच स्ट्रेचरवर होता, मोजा निघालेला, पाय उघडा. मी म्हणालो, "उसने छुपाया, साहब."

चौकशीतही हेच सांगितलं. सही केली. कागदावर आलं की जवानानं दुखापत लपवली. तेच त्याच्या घरी कळवलं गेलं. मला काही झालं नाही. सर्व्हिस पूर्ण करून मी सन्मानानं पेन्शनवर आलो.

जव्हारमध्ये दर सव्वीस जानेवारीला कुठल्या ना कुठल्या शाळेत सत्कार. शाल, नारळ, माईकवर "आपल्या मातीचे सुपुत्र". पोरं टाळ्या वाजवायची. मी हात जोडून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, अरे, हा माणूस सडलेला आहे, ह्याच्यावर कसली फुलं टाकता? घरी येऊन प्यायचो. प्यालेल्या माणसाला स्वतःच्या अंगाचा जो वास येतो, तो त्या मोज्यांपेक्षा वाईट असतो. आरशात बघून दाढी करणं मी सोडून दिलं. बायकोनं, यमुनानं, माझ्यापासून लांब अंथरूण टाकलं. तिचं चूक नव्हतं.

त्याच सुमारास यमुना दाभोशाकडच्या एका पाड्यावर प्रार्थनेला जायला लागली. तिच्या बहिणीच्या ओळखीनं. मी शिव्या घातल्या. गावात लोक म्हणायला लागले, फौजीची बायको बाटली. एप्रिलच्या एका गुरुवारी दुपारी मी तिला ओढून आणायला जीपनं तिकडे गेलो.

घर कुडाचं होतं. आत पंधरावीस माणसं. बहुतेक वीटभट्टीवरून परत आलेली, अजून पायांवर लाल धूळ. प्रार्थना चालवणारे काशिनाथबाबा म्हणजे साठीचा मजूर माणूस. ते घमेल्यात पाणी घेऊन जमिनीवर बसले होते आणि एकेकाचे पाय धूत होते. येशूनं मरणाच्या आदल्या दिवशी आपल्या माणसांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्यांच्याकडे त्या दिवशी असं करतात. मला ते ठाऊक नव्हतं. मी दारात उभा राहिलो आणि मला बर्फाचं पाणी, मीठ आणि टोप्पोची मांडी दिसली.

यमुना म्हणाली, "आत या नायतर घरी जा. इथं ओरडू नका."

काशिनाथबाबांनी माझ्याकडे बघितलं. "ये ना, दादा. बस. जोडं काढ."

"माझ्या पायाला हात लावायचा नाही," मी म्हणालो. आवाज मोठा झाला. "मी काय केलंय माहीत आहे का तुम्हाला?"

आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. वादळ, मोजे, मेहंदी, स्ट्रेचर, सही. इतकी वर्षं यमुनालाही सांगितलं नव्हतं. ती खाली बघत राहिली.

काशिनाथबाबा हात पुसत म्हणाले, "मना सांगून काय? ज्याचा पोर गेला त्याला जाऊन सांग." मग म्हणाले, "आन् एक ऐक. येशूला तुझी घाण वाटत नाय. ती तुलाच वाटते."

मी तिथून पळालो. पाय न धुता, यमुनाला न घेता. पण ते वाक्य माझ्या मागे लागलं. मी आयुष्यभर घाण वाटली म्हणून लांब उभा राहिलो होतो, टॉर्च मारून. आणि हे लोक म्हणत होते की देव खाली बसला आणि त्यानं पाय हातात घेतले, ज्यांनी त्याला त्याच रात्री सोडून दिलं त्यांचेसुद्धा. असला देव मी कधी मागितला नव्हता. मी नेहमी फीत मागितली, घर मागितलं.

मे महिन्यात मी आणि यमुना झारखंडला गेलो. दोन दिवस गाडी, मग बस, मग पायी. टोप्पोचं घर मातीचं, सारवलेलं. पलटणीतला आहे एवढंच मी दारात बसलेल्या त्याच्या बापाला सांगितलं. त्याची आई लोटा आणि परात घेऊन बाहेर आली. त्यांच्याकडे पाहुणा आला की आधी त्याचे पाय धुतात, मग बोलतात. मी नको नको म्हणत होतो. तिनं ऐकलं नाही. बूट तिनंच सोडले, मोजे तिनंच ओढून काढले. दोन दिवसांचे मोजे. त्या वासानं मला माझीच शिसारी आली. तिनं तोंडसुद्धा फिरवलं नाही. उजवा पाय घेतला, बोटांमधून हात फिरवला, मग डावा.

मला पळायला जागा नव्हती. ती परात उचलून उभी राहिली तेव्हा मी दोघांसमोर सांगितलं. "आपके बेटे ने कुछ नहीं छुपाया. उसने बोला था, पैर देख लो. मैंने नहीं देखा. फिर झूठ बोला."

बाप उठून माझ्यासमोर आला. मग म्हणाला, "चिट्ठी में आया, छुपाया. हम बोले, पतरस छुपाएगा नहीं. फिर सोचे, फौज झूठ काहे बोलेगी." त्यानं आईकडे बघितलं. "हम अपने बेटे पर शक किए. इतने साल."

मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं मारलं नाही. म्हणाला, "कल इतवार है. गिरजा में सबके सामने बोलोगे?"

बोललो. सावधानमध्ये उभा राहून, नाव, रँक, तारीख, वेळ सांगून. लोकांनी ऐकलं. मग सगळे मिळून गायला लागले. तीच चाल होती, स्टोव्हमागची. मी रडलो. लाज नाही वाटली. आणि त्या बाकावर बसल्याबसल्या, मध्येच कधीतरी, माझ्या लक्षात आलं की आत काही मागत नाहीये. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा. टोप्पो जे "मिल चुका है" म्हणायचा, ते हे.

चौकशीचा कागद बदलावा म्हणून मी अर्ज केला. जुनं प्रकरण आहे, असं उत्तर आलं. पुन्हा केला आहे. बदलेपर्यंत करत राहीन.

गाव म्हणतं, फौजी गव्हाच्या पोत्यासाठी बाटला. त्यांची मला चीड येते. शहराकडून एक मोठे प्रचारक आले होते, मेडल लावून स्टेजवर, येशूनं तुम्हाला कसं बदललं त्याची साक्ष द्या, व्हिडिओ करू म्हणाले. त्यांची त्याहून जास्त आली. माझ्या खोट्यावर एक माणूस मेल्यानंतरही बदनाम राहिला, ह्यात स्टेजवर मिरवण्यासारखं काय आहे? मी त्यांना चहा दिला आणि जीपपर्यंत सोडून आलो.

आता दर वर्षी त्या गुरुवारी काशिनाथबाबा घमेलं माझ्याकडे देतात. त्यांचे गुडघे गेले. भट्टीवरची माणसं ओळीनं बसतात. किळस अजून येते, खोटं कशाला बोलू? पहिला पाय हातात घेताना अजून तोंड फिरवावंसं वाटतं. पण मी घेतो. एकेक बोट दाबून बघतो, दुखतंय का विचारतो. दुखतं म्हणाले तर बरं वाटतं. बाया हसतात, फौजी पाय धुतो का तपासतो म्हणून.

सगळ्यांचे झाले की मी पाणी अंगणात ओततो आणि तिथंच उभा राहून रिपोर्ट देतो, मनातल्या मनात. ऑल ओके म्हणत नाही. लान्स नायक पतरस टोप्पो. उजवा पाय, तीन बोटं काळी. जवानानं स्वतः सांगितलं होतं.