घरात कुठं ठेवलं होतं?

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या चिंचणीत कुणालाही विचारा. बायको तर म्हणते, तुम्हाला गुपित सांगणं म्हणजे लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यात सांगणं. खरं आहे तिचं. पण ही एक गोष्ट — ही तिलाही सांगितलेली नाही. कितीदा ओठांवर आली आणि मी भलतंच काहीतरी बोललो. आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमत असेल.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बोईसरला स्टेशनजवळ माझं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी टीव्ही, टेप, स्टॅबिलायझर. मग कारखान्यांच्या ऑफिसांत कॉम्प्युटर आले तसा एक कोर्स करून मी त्यातही हात घातला. हात बरा होता माझा, उगाच का नाकारू? पण हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. एखादी वस्तू नाही जमली, की माझ्याकडे एक शब्द तयार असे — खार. समुद्राकाठचा मुलूख. दांडी, घिवली, चिंचणी — इथे खिडकीचे गज खारानं झडतात, तिथे टीव्हीची काय कथा? गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि वस्तू उचलून घरी न्यायचं. खाराशी भांडणार कोण? आणि बरेचदा ते खरंही असायचं. म्हणूनच तर खपायचं.

दांडीचा मधुकर माझ्या ओळखीचा. घरचे सगळे होडीवाले, हा एकटा मोठ्या जहाजावर, इंजिनखात्यात. त्यानं जहाजावरच्या एका साहेबाकडून जुना लॅपटॉप घेतला होता — विटेसारखा जड, बॅटरी कधीचीच मेलेली, वायर लावली तरच चालणारा. पण त्याला त्याचं केवढं कौतुक. वरच्या हुद्द्याची परीक्षा द्यायची होती त्याला, आणि सगळा अभ्यास त्यानं त्याच्यातच टाइप करून ठेवला होता. सुट्टीत मध्येच कामासाठी मुंबईला जाऊन आला, तेवढे दिवस लॅपटॉप घरी होता. परत येऊन बटण दाबलं तर काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. परीक्षा तोंडावर आलेली.

बायकोला घेऊन आला तो दुकानात. वनिता तिचं नाव. तिला बाजार करायचा होता म्हणून सोबत आली होती. मधुकर घाबरलेला होता, पण चिडलेला नव्हता — हे लक्षात ठेवा. मऊ माणूस तो. "भाऊ, तुमी बघा, मी समोर चहा सांगून येतो," म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. वनिता स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

मी बॅटरी काढली. बटण बराच वेळ दाबून धरलं, म्हणजे आत काही अडकलेलं असलं तर मोकळं व्हावं. परत वायर लावली. काही नाही. मग अ‍ॅडॉप्टरच्या पिनेला मीटर लावलं — सप्लायच येत नव्हता. वायर गुंडाळून गुंडाळून पिनेपाशी आतून तुटली होती. एवढंच. लॅपटॉपला काही झालंच नव्हतं. तेवढा तुकडा कापायचा, जोड द्यायचा, की काम फत्ते.

तसं का नाही केलं मी? अहो, मला मिरवायचं होतं. मधुकर चहा घेऊन येईल तेव्हा पडदा उजळलेला असावा, आणि मी कॉलर ताठ करून बसलेला असावा. कपाटात एका जुन्या प्रिंटरचा अ‍ॅडॉप्टर होता. पिन बसली. मी बटण चालू केलं. त्या अ‍ॅडॉप्टरची प्लस-मायनस उलटी होती. त्याच्या पोटावर छापलेलं असतं ते — फक्त उलटून बघायचं होतं. पट् असा आवाज झाला आणि जळका वास आला.

मी हबकलो. वायर उपटली, पंखा मोठा केला. वनिता माझ्याकडे बघत होती की रस्त्याकडे, ते मला कळलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही मला.

मधुकर चहा घेऊन आला. मी त्याला काय सांगितलं असेल? ओळखलंत तुम्ही. आत खार गेलाय, बोर्ड खाल्लाय, म्हणालो. इथवर म्हणजे माझी नेहमीचीच लबाडी. पण पुढचं — ते शब्द माझ्याच तोंडून आले यावर अजून माझा विश्वास बसत नाही. मी मधुकरला विचारलं नाही. वनिताकडे वळून, मोठ्या डॉक्टरसारखा आवाज काढून, तिला विचारलं, "घरात कुठं ठेवलं होतं?"

कशाला विचारलं मी ते? कुणी मागितलं होतं? दांडीत घर समुद्रापासून हाकेवर. ती काहीही म्हणाली असती तरी चूक तिचीच निघणार होती, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच विचारलं. आणि आणखीही एक, आता सांगायलाच बसलोय तर. आम्ही वाडीवाले, बागायती करणारे. मासळी चाटूनपुसून खातो आणि मासळीवाल्यांच्या घराला वास येतो असंही म्हणतो. ते माझ्या प्रश्नात होतं. तिनं ते ऐकलं असणार.

"माळ्यावर ठेवला होता," ती म्हणाली. "चादरीत गुंडाळून. खाली पोरं हात लावतात."

दांडीच्या घरांत माळ्यावर सुक्या बोंबलांच्या गोणी असतात, हे सगळ्यांना ठाऊक. मधुकरचा चेहरा माझ्यासमोर बदलला. त्यानं चहाचे ग्लास माझ्या टेबलावर नीट ठेवले, वळला, आणि तिच्या थोबाडीत मारली. माझ्या दुकानात, भर दिवसा. मी आजवर त्याचा चढलेला आवाजसुद्धा ऐकला नव्हता. मारून तोच थिजल्यासारखा उभा राहिला. तिनं पदर सारखा केला, पिशवीतून सांडलेले कांदे गोळा केले.

आणि मी? वनिताची चूक नाही, एवढंसुद्धा म्हणालो नाही. उलट मधुकर विचारत होता, मुंबईला नेलं तर आतलं काही वाचेल का, तर मी म्हणालो, कशाला हेलपाटा घालता, सगळं गेलंय. दुसऱ्या कुणी उघडलं असतं तर काय जळलंय ते त्याला दिसलं असतं ना.

परीक्षा राहिली. मधुकर जुन्याच कामावर जहाजावर गेला.

त्यानंतर वनिता एकदा आली. एकटी, दुपारची, हातात काही नाही. म्हणाली, माझ्या हाती काही नीट राहत नाही म्हणून नवरा जाताना कपाटाच्या चाव्या मोठ्या जावेकडे देऊन गेला. पोरांच्या कपड्यांसाठीही आता जावेकडे मागायला जावं लागतं. मग म्हणाली, "भाऊ, मी कोणाला सांगणार नाय. तुमी ती दुसरी वायर लावली, तवाच पट् वाजला ना? मी बघत होते."

पाहिलं होतं तिनं. सगळं पाहिलं होतं. आणि तरी थोबाडीत खाऊन गप्प राहिली होती.

दुकानात कुणी नव्हतं. मधुकर पार समुद्रापलीकडे. भीती कसली होती मला? मी नीट आठवून बघितलंय — कसलीच नव्हती. तरी मी हसून म्हणालो, वहिनी, आत खार असला की वीज लागल्यावर तो असाच वाजतो. असं काही नसतं. मी तिथल्या तिथे बनवलं ते.

"असंल," ती म्हणाली. "तुमी शिकलेले. मंग माझंच चुकलं. तुमच्यावर उगाच संशय घेतला."

आणि मला चेव चढला, काय सांगू. वस्तू खाऱ्या हवेत कशी जपावी ते मी तिला समजावून सांगायला लागलो. प्लास्टिकमध्ये बांधावी, डब्यात ठेवावी, मासळीपासून लांब. ती मन लावून ऐकत होती. मध्येच एक गोष्ट तिनं पुन्हा विचारली, नीट लक्षात राहावी म्हणून.

जाताना म्हणाली, "उपकार झाले, भाऊ."

मी म्हणालो, असू दे.