तीन मतदारांची निवडणूक

जगात आज जे काही घडतं ते सगळं शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घडून गेलेलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या कुवेतमध्ये एकच होता, आणि देवानं तो नेमका मला साडू म्हणून दिला. आमचे साडूभाऊ मूळचे नाशिकचे, एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मला इथं नोकरी त्यांनीच लावली, सालमियात आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर घरही त्यांनीच बघून दिलं, आणि या सगळ्याच्या बदल्यात माझ्याकडून एवढीच अपेक्षा ठेवली की मी ऐकावं. मी बारा वर्षं ऐकलं. अमेरिकेचं स्पेनशी झालेलं युद्ध मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगलं पाठ आहे, आणि ही तक्रार माझी नाही, माझ्या बायकोची आहे.

या वेडाचं मूळ एका कपाटात होतं. इराकी फौजा हाकलल्या गेल्यावर साडूभाऊ कुटुंब घेऊन परत कुवेतला आले, तेव्हा त्यांच्या घरात भिंती सोडून काही उरलं नव्हतं. शुक्रवारच्या जुन्या बाजारातून त्यांनी मायदेशी निघालेल्या कुणा अमेरिकनाचं कपाट विकत आणलं. त्याचा खालचा खण सहा महिने उघडला नाही. शेवटी स्क्रू-ड्रायव्हरनं उघडला तर आत अमेरिकेच्या इतिहासाचा जाडजूड सातवा खंड. एक ते सहा नाहीत, आठवा नाही, नुसता सातवा. शेतकऱ्यांच्या रागापासून तो सुरू व्हायचा आणि पनामाचा कालवा खणून झाला की संपायचा. मधल्या वीस-एक वर्षांत अमेरिकनांनी घरात सुधारणा केल्या आणि बाहेर बेटं घेतली. हा खंड साडूभाऊंनी इतक्यांदा वाचला की त्याआधी अमेरिका होती आणि त्यानंतरही ती राहिली, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागे. मी एकदा भीतभीत म्हणालो, "दुसरं एखादं पुस्तक आणू का लायब्ररीतून?" त्यावर ते म्हणाले, "नको. दोन माणसांचं ऐकलं की गोंधळ होतो."

खंडातली सुधारणा ही नुसती वाचायची गोष्ट नाही, करायची आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. मांसाच्या कारखान्यांत काय चालायचं ते वाचल्यापासून जमीयात, म्हणजे आमच्या वस्तीच्या सहकारी दुकानात, ते भिंग घेऊन जात. टोमॅटोच्या डब्यावरचा सगळा मजकूर, अरबीसकट, वाचल्याशिवाय डबा टोपलीत पडत नसे, आणि त्यांना अरबी येत नव्हती. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदक वर्षानुवर्षं तीनच बायका करायच्या आणि ते उत्तम असायचे. साडूभाऊंनी भर सभेत जाहीर केलं की हा ट्रस्ट आहे, मक्तेदारी आहे, आणि लोकहितासाठी ती फोडली पाहिजे. फोडली. त्या वर्षी अकरा घरांतून मोदक आले, अकरा आकारांचे, आणि नैवेद्याच्या आधीच सारण पातेल्यात तरंगू लागलं. त्या तिघींपैकी एक बाई अजून माझ्याशीही बोलत नाहीत, मी नुसता साडूभाऊंचा साडू असूनसुद्धा. मंडळाच्या निवडणुकीत गुप्त मतदान आणलं तेही त्यांनीच. पूर्वी हात वर करून पाच मिनिटांत अध्यक्ष निवडला जायचा. आता आधी उमेदवार ठरवण्यासाठी निवडणूक, मग अध्यक्षाची निवडणूक, आणि मग, निवडून दिलेला परत बोलावण्याचा, म्हणजे पदावरून काढण्याचा, हक्क लोकांना असल्यामुळे, तीन महिन्यांनी त्याला परत बोलावण्याची निवडणूक. एका वर्षी तर परत बोलावले गेलेले अध्यक्ष स्वतः साडूभाऊच होते. ते इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना कुल्फी खाऊ घातली.

बेटांच्या बाबतीत मात्र त्यांची गाडी एकदा अडली. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक फिलिपिनो सिस्टर राहायची, हॉस्पिटलातली नर्स, शांत आणि हसरी. लिफ्टमध्ये सापडली की साडूभाऊ तिला तिच्याच देशाचा इतिहास सांगायचे. अमेरिकनांनी तिथं शाळा किती काढल्या, रस्ते किती केले, कॉलरा कसा आटोक्यात आणला. ती दोन वर्षं "येस सर" म्हणत होती. एक दिवस लिफ्ट बंद होती, आम्ही तिघं जिना चढत होतो, आणि दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबल्यावर ती इंग्रजीत म्हणाली, "सर, माझ्या पणजीला लिहायला-वाचायला शिकवणारी बाई अमेरिकेहून बोटीनं आली होती. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन फौजेनं पणजीच्या वडिलांचं गाव जाळलं होतं. शाळा चांगली होती, सर. पण आम्हाला कुणी विचारलं नव्हतं." एवढं बोलून ती पिशव्या उचलून वर गेली. साडूभाऊ तिथंच कठड्याला धरून उभे राहिले. त्यानंतर दोन दिवस खंड उघडला गेला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर फिलिपिन्सच्या प्रकरणाच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, "यांना विचारले नव्हते."

आणि मग दोन हजार तीन साल उजाडलं. माझा कारखाना सुलैबियाला होता. रोज सकाळी हमरस्त्यावर वाळूच्या रंगाच्या अमेरिकन लष्करी ट्रकांची रांग उत्तरेकडं, इराकच्या सीमेकडं जाताना दिसायची, आणि संध्याकाळी ती किती लांब होती हे मला साडूभाऊंना सांगावं लागायचं. आमच्या इमारतीतले लोक घरातल्या एका खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावत होते. इराककडून विषारी गॅस आला तर त्या खोलीत बसायचं. जमीयात चिकटपट्टी संपली, मग पाण्याच्या बाटल्या संपल्या, मग मेणबत्त्या. मला रात्री झोप लागेना. साडूभाऊ सांगायचे, "स्पेनचं युद्ध चार महिन्यांत आटोपलं. यांची युद्धं लांबत नाहीत." हे सांगताना त्यांचा हात मात्र सारखा खिशातल्या इकाम्याच्या, म्हणजे रहिवासी परवान्याच्या, कार्डावर जायचा, कारण नव्वद साली हेच कार्ड दाखवत दाखवत ते, ताई आणि त्यांची चार वर्षांची मुलगी मुग्धा वाळवंटातून बसनं अम्मानपर्यंत गेले होते. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या प्रवासाबद्दल ती फक्त एकच गोष्ट सांगते, की मुग्धा पाणी मागत होती आणि आपण तिला गाणं म्हणून दाखवत होतो.

प्रश्न असा होता की ताई आणि मुग्धानं भारतात जावं की नाही. साडूभाऊंना हलता येत नव्हतं, कारण कंपनीनं त्यांना आवश्यक कर्मचाऱ्यांच्या यादीत घातलं होतं. मुग्धा बारावीला होती, परीक्षा तोंडावर आली होती, आणि इथलं केंद्र सोडलं तर तिचं वर्ष जाणार हे उघड होतं. माझी बायको आमच्या लहान मुलाला घेऊन निघायला तयार होती, पण तिनं मला बजावलं होतं, "ताई येणार नसेल तर मीही जाणार नाही. एकटीला तिला इथं टाकून मी नाशिकात भाकऱ्या थापत बसू?" म्हणजे त्या घराच्या निर्णयावर माझंही घर टांगलेलं होतं. मी रोज खाली जाऊन विचारायचो, आणि रोज साडूभाऊ म्हणायचे, "बघू." आठ दिवस बघून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की या प्रश्नावर लोकांचा कौल घ्यायचा.

"अहो, तीन माणसांत कसला कौल?" ताई म्हणाली. "एक जण न्हाणीघरात गेला तर सभा मोडते."

"बाबा, धिस इज क्रेझी," मुग्धा म्हणाली. "जस्ट टेल अस व्हॉट यू वाँट."

"तेच तर सांगायचं नाही," साडूभाऊ म्हणाले. "मी सांगितलं की तुम्ही मला बघून मत देणार. प्रत्येकानं आपल्या मनाला विचारायचं आणि कुणाला म्हणून कुणाला कधी सांगायचं नाही. अगदी मरेपर्यंत."

दूध पावडरच्या मोठ्या डब्याच्या झाकणाला त्यांनी छिन्नीनं चीर पाडली. वॉशिंग मशीनसमोर चादर बांधून मतदान कक्ष केला. "जावे" आणि "राहावे" असे दोन चौकोन आखलेल्या तीन चिठ्ठ्या आणि टोक काढलेली एक पेन्सिल तिथं ठेवली. निवडणूक अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मी त्या घरचा मतदार नव्हतो आणि, त्यांच्या शब्दांत, माझा या प्रकरणात काही स्वार्थ नव्हता. मी मान डोलावली. एकेक जण चादरीमागं गेला. मुग्धा अर्ध्या मिनिटात बाहेर आली, साडूभाऊंना दहा मिनिटं लागली. मग मी डबा घेऊन आतल्या खोलीत गेलो, दार लावलं आणि चिठ्ठ्या पलंगावर ओतल्या.

तिन्ही मतं "राहावे"ला होती. एक फुली पट्टी लावून काढलेली, ती कुणाची हे सांगायला नको. एक इतकी फिकट की कागद उजेडात धरावा लागला, ती ताईची. आणि एक पेन्सिल सोडून जांभळ्या शाईनं मारलेली. कुणालाही जायचं नव्हतं. वाळवंट पाहिलेल्या त्या बाईलासुद्धा नाही. मी त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिलो आणि मला माझी बायको दिसली, माझा मुलगा दिसला, खिडकीवरचं प्लास्टिक दिसलं. बाहेर येऊन मी खणखणीत आवाजात सांगितलं, "जावे, दोन. राहावे, एक."

त्या तिघांचे चेहरे मी जन्मात विसरणार नाही, कारण प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बघत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की इथं राहायचं होतं ते आपल्या एकट्यालाच. ताई "चहा टाकते" म्हणून उठली. मुग्धा "ओके. फाइन," म्हणाली आणि पुस्तकं गोळा करायला लागली. साडूभाऊंनी नियमाप्रमाणे चिठ्ठ्या न बघता गॅसवर जाळल्या, माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, "कौल मान्य." मला चौथ्या मजल्यावरच्या सिस्टरचं बोलणं आठवलं. तिच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं, आणि उत्तर माझ्या सोयीनं बदललं होतं.

ताई, मुग्धा आणि मुलाला घेऊन माझी बायको, सगळी एकाच विमानानं गेली. मी खाली साडूभाऊंकडे राहायला आलो. ते पहिल्यासारखं बोलेनात. जेवताना एकदाच म्हणाले, "दोघींना मनातून जायचं होतं तर. आणि मला वाटत होतं..." त्यांनी खंड कपाटात ठेवला आणि मुग्धाच्या टेबलावरची धूळ रोज पुसायला सुरुवात केली. माझा कान सारखा बाहेर असायचा, आणि ते टेबल पुसायला लागले की मी उठून स्वयंपाकघरात जायचो.

युद्ध सुरू झालं त्या गुरुवारी दुपारी, सुटीच्या दिवशी, आम्ही आमटीला फोडणी देत असताना पहिला भोंगा झाला. गॅस बंद करून आम्ही त्या चिकटपट्ट्यांच्या खोलीत धावलो, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला, मास्क चढवले आणि जमिनीवर बसलो. लांब कुठंतरी दणका झाला. प्लास्टिक फुगल्यासारखं वाटलं, किंवा मला तसं वाटलं. साडूभाऊंनी मास्क जरासा वर केला आणि म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. नियम मोडतोय, पण सांगतो. मी राहण्याला मत दिलं होतं. बाप असून. तिचं वर्ष जाऊ नये असं मी सांगत होतो मनाला, पण खरं म्हणजे मला एकट्याला भीती वाटत होती. त्या दोघींनी बरोबर केलं."

मग मला राहवेना. मीही मास्क काढला. "साडूभाऊ, तिन्ही मतं राहण्याची होती. मी खोटं सांगितलं."

मला वाटलं हा माणूस आता मला मारणार. प्रामाणिक मोजणी हा ज्याचा देव, त्याच्या घरात मी मोजणी खोटी केली होती. 

"तिन्ही?"

"तिन्ही."

"हिचंही?"

"ताईचंही. फुली अगदी फिकट होती, पण होती."

"आणि पोरीचं?"

"जांभळ्या शाईत."

"पेन्सिल दिली होती ना तिला!" ते एकदम तडकले. "ते मत बादच धरायला हवं होतं." आणि असं म्हणून ते रडायला लागले. भोंगा वाजतच होता. मी त्यांना मास्क लावायला सांगत होतो आणि ते तो हातात धरून, डोळे पुसत, हसत आणि रडत होते. "फार मोठा गुन्हा केलास तू," ते म्हणाले. मी हो म्हणालो. "कुणाला सांगायचं नाही. गुप्त ते गुप्त." मी हो म्हणालो. मग शेजारी सरकून त्यांनी माझा हात धरला, आणि धोका टळल्याचा भोंगा झाल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

कुवेत शहरात फारसं काही झालं नाही. गेलेली सगळी परत आली, मुग्धानं परीक्षा पुढच्या वर्षी दिली. तिचं ते वर्ष मी खाल्लं, ते मला अजून पचलेलं नाही. ताईला आणि तिला आजही वाटतं की त्या दिवशी उरलेल्या दोघांना जायचंच होतं, आणि साडूभाऊ दिलेला शब्द मोडत नाहीत. निवृत्त होऊन ते आता नाशिकला असतात. ऐकू कमी येतं, जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात, स्पेनसुद्धा हल्ली मध्येच विसरतात. पण रविवारी फोन केला की प्रकृती, हवा, भाज्यांचे भाव असं सगळं बोलून झाल्यावर ते जरा थांबतात. ताई आत गेली याची खात्री करून घेतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "तिन्ही ना रे?"

मी म्हणतो, "तिन्ही, साडूभाऊ."